कुऱ्हाडीचा दांडा

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण दिलसुखनगरात राहूनही बोलतो. पण दांडा बसवताना किती जणांनी पाहिला आहे? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते. तिथल्या गावगाड्यात पाते लोहाराचे, दांडा सुताराचा. दोघेही बलुतेदार, मोबदला सुगीच्या धान्यात.

दांड्याला धावडा किंवा बाभूळ लागे, तीही सुकवलेली. ओले लाकूड वाळून आकसते आणि नेढ्यात सैल होते. लाकडाच्या रेषा लांबीने धावाव्या लागतात. आडव्या असल्या तर दांडा घावासरशी मोडतो. टोकाला चीर पाडून तो नेढ्यात ठोकायचा आणि चिरेत पाचर मारायची. सैल कुऱ्हाड पाण्यात बुडवणे ही तात्पुरती सोय. फुगलेले लाकूड वाळले की पुन्हा ढिले.

म्हणजे दांड्यासाठी दुबळे लाकूड चालत नाही, चिवटच लागते. गोतावर उलटतो तो गोतातला सर्वांत सरळ आणि बळकट. म्हणीची ही धार कामाशिवाय कळत नाही. नेढे आणि पाचर हे शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. ते गेले, तर म्हण उरेल ती बोथट.