स्पर्श नव्हे, रंग हरवतो

पेस्टल ऑनलाइन शिकता येत नाही, हे मत आता कलाशिक्षकांइतकेच पालकांच्याही तोंडी बसले आहे. युक्तिवाद ठरलेला असतो. पेस्टलला ब्रश नाही, पाणी नाही. बोट आणि कागद यांच्यामध्ये फक्त कांडी. सगळी मदार हाताच्या दाबावर, आणि दाब पडद्यावरून कसा शिकवणार? तेव्हा कर्जत-खोपोलीच्या हौशी माणसाने लोकल पकडून दादरचा वर्ग गाठावा, नाहीतर नाद सोडावा. पूर्वपक्ष भक्कम वाटतो खरा, पण तो उभा आहे चुकीच्या जागी.

दाब ही पेस्टलमधली सर्वांत उघडी गोष्ट आहे. कागदाला बारीक चढउतार असतात. कांडी हलकी फिरवली की रंग उंचवट्यांवरच बसतो आणि मधून कोरा कागद डोकावतो. दाबून फिरवली की खळगेही भरतात. म्हणजे हाताने किती जोर दिला, हे रेघ स्वतःच सांगते. कॅमेरा वीतभर अंतरावर असेल तर ती रेघ भरल्या वर्गातल्या शेवटच्या बाकापेक्षा कितीतरी स्वच्छ दिसते. आधी गडद, मग उजळ, हा क्रमही पाहूनच उमगतो, आणि चुकला तर व्हिडिओ मागे नेता येतो. त्रावणकोरच्या दरबारी आलेल्या थिओडोर जेन्सनने राजा रविवर्म्यांना तैलरंग शिकवायला नकार दिला, फक्त रंगवताना पाहू दिले, असे चरित्रकार सांगतात. रविवर्म्यांची प्रतिभा सगळ्यांकडे नसते, हे मान्य. पण नुसत्या पाहण्याने तंत्र हाती येतच नाही, या सरसकट दाव्याला एवढा एक अपवाद पुरतो.

शिवाय ‘समोरचा शिक्षक’ तालुक्यात कितीसा मिळतो? शाळेतल्या कलाशिक्षकाचा बराच वेळ एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत जातो, कारण तिथल्या श्रेणीला दहावीचे वाढीव गुण जोडलेले आहेत. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कांडी धरणाऱ्या बाईंसाठी त्या वेळापत्रकात जागा नाही.

मग ऑनलाइन वर्ग निर्दोष का? मुळीच नाही. पहिला घोटाळा पेटीचा. आपल्याकडच्या दप्तरात असतो तो तेलखडू, म्हणजे ऑइल पेस्टल. मेण आणि तेलाचा हा खडू जपानच्या साकुरा कंपनीने 1925 मध्ये बाजारात आणला. पडद्यावर मात्र अनेकदा सॉफ्ट पेस्टल दिसते: रंगद्रव्य, पांढरी भुकटी आणि ती धरून ठेवण्यापुरता डिंक. ते बोटाने पुडीसारखे पसरते. तेलखडू बोटाखाली चिकटतो, ओढला जातो. नवखा माणूस एकाचा धडा दुसऱ्यावर गिरवतो आणि दोष आपल्या हाताला देतो. (रंगसाहित्य करणाऱ्या कोकुयो कॅम्लिनचा कारखाना आपल्या दाराशी, पाताळगंगेला आहे, तरी पेटीवरचे नाव वाचून खडू घेणारा विरळाच.)

खरी हानी होते ती रंगाची, आणि टीकाकारांचे तिकडे लक्षच नाही. जलरंगासारखे पेस्टल ताटलीत कालवून घेता येत नाही. हवी ती छटा कांडीतच असावी लागते, किंवा कागदावर एकावर एक थर देऊन साधावी लागते. म्हणून छटा ओळखणारा डोळा इथे हाताच्या आधी लागतो. आषाढात नेरळहून माथेरानकडे पाहा. जवळ राबातल्या रोपांचा पिवळसर हिरवा, त्यामागे झाडीचा काळपट, आणि कड्यावर ढग उतरला की निळ्याकडे झुकणारा तिसराच. भिजलेला काळा कातळ तर जांभळट दिसतो. मोबाइलचा कॅमेरा हे सगळे आपल्या मर्जीने उजळतो. पावसाळी संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो पाहून शिक्षक जे सांगतो, ते विद्यार्थ्याने न काढलेल्या चित्राबद्दल असते.

यावर उपाय आहे, तोही स्वस्तातला. चित्र दिवसा ओटीवर आणावे, शेजारी पांढऱ्या कागदाची चिठ्ठी ठेवावी आणि मग फोटो काढावा. पांढरा पिवळा पडला की शिक्षकाला फरक कळतो. छटा ठरवताना पडदा बंद करून कांडी समोरच्या डोंगराशी धरून ताडावी. सॉफ्ट पेस्टलच्या मळलेल्या कांड्या कोरड्या तांदळात घोळवाव्यात. भाताच्या मुलखात त्याची वाण नाही.

वर्गाची फी भरण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. शिक्षक पेटी कोणती आहे ते विचारतो का, फोटो कोणत्या उजेडात काढला ते विचारतो का, आणि दुसऱ्याच्या फोटोवरून चित्र काढायला लावतो की खिडकीबाहेर पाहायला. पहिले दोन प्रश्न न विचारणारा शिक्षक दादरच्या वर्गात समोर बसला, तरी निम्मेच शिकवील.