सिल्व्हेराडो येथील बिऱ्हाड

आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त बरींच वर्षें कॅलिफोर्नियांत राहतो. गेल्या उन्हाळ्यांत तो सहकुटुंब नापा नांवाच्या दरींत चार दिवस विसाव्यास गेला होता. भोंवतीं दाट झाडी, मध्यें लांकडी कुटी, दाराशींच डोंगरांत जाणारी पायवाट, आणि मोटारीनें घटकाभराच्या अंतरावर द्राक्षांचे मळे व मद्याचीं तळघरें, असा तेथला थाट. कुटीचें एका रात्रीचें भाडें त्यानें लिहिलें होतें तें पाहून आम्हीं चष्मा पुसून पत्र पुन्हां वाचलें. सोबत एक छायाचित्र होतें : रानांतल्या लहानशा सपाटीवर संगमरवराचें उघडें पुस्तक, आणि त्यावर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचें नांव. 'सर, हा येथें कसा?' एवढाच प्रश्न त्याखालीं होता. उत्तर पत्रांत मावण्याजोगें नाहीं, म्हणून तें येथें देत आहों.

स्टीव्हन्सन हा आपल्याकडे 'ट्रेझर आयलंड'चा कर्ता व डौलदार निबंधकार म्हणून ठाऊक आहे. वर्गांत त्याचे निबंध शिकवितांना त्याच्या वाक्यांची ठेवण आम्हीं मुलांस पुष्कळ दाखविली; तीं वाक्यें लिहिणारा मनुष्य कित्येकदां अंथरुणावर उशीला टेकून लिहीत असे, हें सांगावयाचें मात्र बहुधा राहून गेलें. १८५० सालीं एडिंबरो येथें, दीपगृहें बांधण्याबद्दल नांवाजलेल्या घराण्यांत तो जन्मला. आईबापांचा एकुलता एक, आणि लहानपणापासून छातीच्या विकारानें जर्जर. १८७६ सालीं फ्रान्समध्यें फॅनी ऑझबोर्न या अमेरिकन बाईची व त्याची गांठ पडली. बाई त्याच्याहून दहा वर्षांनीं वडील, विवाहित व मुलांची आई. ती १८७८ सालीं कॅलिफोर्नियास परतली, आणि पुढच्याच वर्षीं हाहि घरीं न सांगतां आगबोटींत बसला. गरीब देशांतरकऱ्यांच्या आगगाडीनें सबंध खंड ओलांडून तो पॅसिफिकच्या कांठीं पोंचला, तो मरणाच्या दारींच. कर्मठ स्कॉच घराला हें प्रकरण कसें वाटलें असेल, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. तथापि अखेर बापाचें मन द्रवलें व वर्षाला २५० पौंड देण्याचें आश्वासन तारेनें आलें. फॅनीस काडीमोड मिळाल्यावर १९ मे १८८० रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें दोघांचें लग्न झालें.

समुद्रकांठचें धुकें त्याच्या छातीस सोसेना. म्हणून नवराबायको, फॅनीचा बारा वर्षांचा मुलगा लॉइड, आणि चूचू नांवाचा एक कुत्रा, असें हें कुटुंब नापा दरीच्या माथ्याशीं असलेल्या कॅलिस्टोगा गांवीं आलें. तेथें उन्हाळीं आहेत व उतरण्याची सोय होती. पण खर्च परवडेना. जवळच्या सेंट हेलेना डोंगराच्या खांद्यावर सिल्व्हेराडो नांवाची चांदीची खाण होती. १८७० नंतरच्या दशकांत तिच्या आशेनें तेथें गांव वसलें व चांदी पुरेशी लागेना तसें थोड्याच वर्षांत उठलें. लोकांनीं घरेंसुद्धां उचलून नेलीं. खाणीच्या तोंडाशीं कामगारांची एक झोंपडी तेवढी उरली होती. तिच्यांत हें कुटुंब शिरलें. भाडें नाहीं, करारनामा नाहीं, मालकाची संमतीहि नाहीं. पुढें या दिवसांवर लिहिलेल्या पुस्तकास त्यानें 'द सिल्व्हेराडो स्क्वॉटर्स' असें नांव दिलें, म्हणजे परक्याच्या जागेंत ठाण मांडून बसलेले लोक.

झोंपडींत तीन खोल्या, डोंगराच्या उतारावर एकीच्या वर एक अशा रचलेल्या. वरच्या खोलींत शिरावयाचें तर मागच्या बाजूनें फळीवरून जावें लागे. दारें-खिडक्या मोडलेल्या, जमिनीवर दगडमाती व पाचोळा, आणि त्यांत खाणवाल्यांचे जुने हिशेबाचे कागद. कामगारांच्या एकावर एक असलेल्या लांकडी बाकांत गवत पसरून हे लोक निजले. चौकटींना पातळ सुती कापड लागलें तें फॅनीच्या हातानें. मुलास व तिला मध्येंच घटसर्पाची बाधा झाली व सर्वांस कांहीं दिवस खालीं गांवांत यावें लागलें. बरें वाटतांच पुन्हां तेथेंच. पुस्तकांत हें सारें विनोदानें येतें. विनोद त्याचा, कष्ट बहुतेक तिचे, असा आमचा तरी अभिप्राय आहे.

आणि तरीहि तो आजारी मनुष्य तेथें सुधारला. दुपारीं उन्हांत बसावें, थोडा व्यायाम करावा, पहांटे उठून पाहावें तों खालची सगळी दरी समुद्रावरून आलेल्या धुक्यानें भरून गेलेली, आणि डोंगरमाथे बेटांसारखे वर निघालेले. ज्या धुक्याला भिऊन तो पळाला तें पायाखालीं राहिलें होतें. तें वर चढूं लागलें कीं मात्र त्याचा जीव खालींवर होई. भोंवतालच्या झुडुपांत रात्रंदिवस एक किरकिर चाले. आठवडेच्या आठवडे तो निर्धास्तपणें त्या आवाजांत अंग शेकीत बसे. तो रॅटलस्नेक या जहरी सापांच्या शेपटीचा खुळखुळाट होता, हें शेवटीं शेवटीं कळलें. कुत्र्याला मात्र पहिल्यापासून समजलें होतें.

शांतता शांतता म्हणून जिचें कौतुक होतें ती येथें मुळांतली नव्हती. त्या प्रदेशांत पूर्वीं वाप्पो लोकांची वस्ती होती. ते हुसकले गेले. मग खाणवाले आले, त्यांनीं डोंगर फोडला, आणि तेहि गेले. मागें उरलेली सामसूम स्टीव्हन्सनच्या वांट्यास आली. तिच्यांतहि व्यवहार संपला नव्हताच. अमेरिकेच्या १८७२ च्या कायद्याप्रमाणें खाणीवर दरवर्षीं ठराविक काम न केल्यास हक्क बुडे, व दुसरा कोणीहि नोटीस चिकटवून तो घेई. त्या उन्हाळ्यांत एका शिकारी शेजाऱ्यानें तसेंच केलें. १५०० फूट लांब व ६०० फूट रुंद डोंगर, पोटांतील धनासह, एका चिठोऱ्यानें हस्तांतरित झाला. नव्या खाणीला काय नांव द्यावें याबद्दल स्टीव्हन्सननें सूचना केल्या. अध्यक्षपदाचे उमेदवार गारफील्ड यांचेंहि नांव सुचविलें. अखेर 'मॅमथ'ची 'कॅलिस्टोगा' झाली, आणि भाडेकरूनें आपला मालक बदलतांना डोळ्यांनीं पाहिला.

खालीं दरींत दुसराच डाव चालू होता. जेकब श्रॅम हा जर्मन मनुष्य एके काळीं वस्तरा घेऊन गांवोगांव हिंडणारा न्हावी. त्यानें १८६२ सालीं डोंगरउतारावर द्राक्षें लावण्यास आरंभ केला. चिनी मजुरांनीं त्याचीं तळघरें डोंगरांत खणलीं. १८८२ सालीं चिनी मजुरांस देशांत येण्याचीच कायद्यानें बंदी झाली, हेंहि येथें नमूद केलेलें बरें. स्टीव्हन्सन त्याच्याकडे गेला तेव्हां बायका ओसरीवर बोलत बसल्या व पुरुष तळघरांत प्रत्येक जातीची चव घेत राहिले. त्याच सुमारास फ्रान्समधील मळे फायलोक्झेरा नांवाच्या, मुळें खाणाऱ्या किडीनें नष्ट होत चालले होते, त्यामुळें त्याला हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटला. कोणत्या मातींत कोणती वेल रुजेल हें चांचपडत शोधणारे मळेवाले त्याला चांदी शोधणाऱ्या खाणवाल्यांसारखेच दिसले. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका व्यापाऱ्यानें तर त्याला फ्रेंच मळ्यांच्या खोट्या नांवांचीं लेबलें दाखविलीं; अमेरिकन गिऱ्हाइक आपल्याच देशाची बाटली घेईना, म्हणून!

चांदी हरली, वेल जगली. पण सरळ मार्गानें नव्हे. ती कीड नापासहि पोंचली, आणि १९२० पासून १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती. श्रॅमचा ओसाड पडलेला मळा १९६५ सालीं एका दांपत्यानें पुन्हां उभा केला, व १९७२ सालीं पेकिंग येथें अध्यक्ष निक्सन यांनीं चीनच्या नेत्यांबरोबर जे प्याले उंचावले त्यांत तेथलेंच मद्य होतें. ज्यांच्या देशबांधवांनीं तीं तळघरें खणलीं त्यांच्याच राजधानींत तें उघडलें गेलें. १९७६ सालीं पॅरिसमध्यें फ्रेंच परीक्षकांनीं लेबलें झांकून चव घेतली, तेव्हां पांढऱ्या मद्यांत पहिला क्रमांक कॅलिस्टोगाच्याच एका मद्यशाळेस मिळाला.

स्टीव्हन्सननें जुलैअखेर डोंगर सोडला व ऑगस्टमध्यें न्यूयॉर्कहून स्वदेशचें जहाज गांठलें. 'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपानें निघालें तें १८८३ मध्यें. त्यांतला देखावा कांहीं अंशीं कॅलिफोर्नियाचा आहे, असें तो स्वतःच सांगतो. डोंगरावरून उतरल्यावर त्याला आणखी चौदा वर्षें मिळालीं. १८९४ सालीं सामोआ बेटांत तो वारला, व तेथेंहि त्याला डोंगरावरच पुरलें.

झोंपडी केव्हांच पडून गेली. तिच्या जागीं नापा जिल्ह्यांतील स्त्रीमंडळांनीं १९११ सालीं तें संगमरवरी पुस्तक बसविलें, आणि १९४९ सालीं भोंवतालची जागा त्याच्या नांवानें सरकारी उद्यान झाली. सडकेपासून सुमारें मैलभर चढल्यावर तें पुस्तक लागतें. आणखी चार मैलांवर शिखर. पाणी बरोबर न्यावें लागतें, व उद्यानांत रात्रीं मुक्काम करूं देत नाहींत.