कालहरणाची संघटना

एखाद्या धंद्यावर लोकमत उलटलें म्हणजे त्याच्यापुढें दोन मार्ग मोकळे असतात. आपली रीत सुधारावी, हा एक. आणि लोकमताला आधारभूत झालेलें ज्ञानच संशयास्पद ठरवावें, हा दुसरा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील बड्या उद्योगांनीं हा दुसरा मार्ग किती शिस्तीनें चोखाळला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१९६२ सालीं रेचेल कार्सन या विदुषीचा ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शेतांवर फवारलेलीं कीटकनाशकें पक्ष्यांच्या व माशांच्या जिवावर कशीं उठतात, आणि त्यांपासून मनुष्यालाहि कसा धोका आहे, हें त्यांत सप्रमाण दाखविलें होतें. रासायनिक कारखानदारांच्या मंडळानें या ग्रंथाला उत्तर देण्याच्या कामीं ई. ब्रूस हॅरिसन या तरुणाची योजना केली. परंतु त्या वेळीं कारखानदारांना यश आलें नाहीं. २२ एप्रिल १९७० रोजीं पहिल्या ‘वसुंधरा-दिना’निमित्त सुमारे २ कोटी अमेरिकन स्त्रीपुरुष एकत्र जमले, वर्षअखेर पर्यावरणरक्षणाचें स्वतंत्र सरकारी खातें निघालें, आणि १९७२ सालीं डी. डी. टी. या कीटकनाशकाचा बहुतेक सर्व वापर तेथें बंद झाला. उघड्या मैदानांत लोकांच्या चळवळीशीं झुंजणें लाभाचें नाहीं, हा धडा कारखानदारांना मिळाला.

हा धडा पुढें हवामानाच्या वादांत उपयोगी पडला. २३ जून १९८८ रोजीं जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञानें अमेरिकन सेनेटच्या समितीपुढें साक्ष दिली. कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंत कार्बन डायॉक्साइड वायु सांचतो आणि पृथ्वीचें तपमान वाढूं लागलें आहे, असा तिचा आशय होता. त्याच वर्षीं राष्ट्रसंघाच्या आश्रयाखालीं या विषयाच्या अभ्यासासाठीं आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळ स्थापन झालें. दुसऱ्याच वर्षीं, १९८९ सालीं, ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ हा संघ उभा राहिला. नांव ऐकून हवामानाच्या रक्षणासाठीं निघालेली एखादी सेवाभावी संस्था वाटावी. परंतु तिचे घटक होते तेलाच्या, कोळशाच्या, विजेच्या व मोटारींच्या धंद्यांतील कंपन्या आणि त्यांचीं मंडळें. १९९२ च्या सुमारास संघानें प्रचाराचें काम ज्या पेढीकडे सोंपविलें, तिचा मालक होता तोच हॅरिसन!

संघाच्या कार्यपद्धतीचें मर्म असें कीं, त्याला वाद जिंकावयाचा नव्हता; तो केवळ मिटूं द्यावयाचा नव्हता. सिगारेटच्या कारखानदारांनीं ही वाट अगोदरच पाडून ठेवली होती. मॅक्राइट व डन्लप या समाजशास्त्रज्ञांनीं १९९० ते १९९७ या काळांतील, अशाच मताच्या अभ्याससंस्थांचीं प्रकाशनें तपासून त्यांतील युक्तिवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. तपमानवाढीला पुरेसा पुरावा नाहीं, हा पहिला. ती झालीच तर हितावह होईल, हा दुसरा. आणि तिच्यावरील उपाय रोगापेक्षां भयंकर ठरेल, हा तिसरा. हे तीनहि प्रकार एकमेकांशीं जुळत नाहींत, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. परंतु त्यांतील कोणताहि एक पटला तरी मनुष्य स्वस्थ बसतो, आणि तेवढें कार्याला पुरेसें होतें. दोन्ही बाजू समतोल मांडण्याचा वर्तमानपत्रांचा सद्धेतुहि येथें संघाच्याच पथ्यावर पडला. १९८८ ते २००२ या काळांतील चार प्रमुख अमेरिकन पत्रांच्या लेखांची पाहणी झाली, तेव्हां निम्म्याहून अधिक लेखांत शास्त्रज्ञांच्या बहुमताला आणि मूठभरांच्या शंकेला सारखेंच वजन दिलेलें आढळलें.

संघाला स्वतःला काय ठाऊक होतें? १९९५ सालीं त्याच्याच तंत्रज्ञांनीं एक टिपण तयार केलें. मानवनिर्मित वायूंचा हवामानावर परिणाम होऊं शकतो, हें शास्त्रदृष्ट्या सुस्थापित असून नाकारतां येत नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. शंकेखोरांचे सिद्धान्त पटण्याजोगे नाहींत, असाहि अभिप्राय मसुद्यांत होता. हा अभिप्राय अंतिम प्रतींतून गाळण्यांत आला, आणि २००९ सालींच तो जगाला कळला.

१९९७ च्या जुलैंत सेनेटनें ९५ विरुद्ध ० मतांनीं ठराव केला कीं, विकसनशील देशांवर बंधन नसलेला अथवा अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेला गंभीर हानि पोंचविणारा करार स्वीकारूं नये. हिंदुस्थान व चीन मोकळे सुटतात, ही तक्रार जाहिरातींतूनहि घरोघर पोंचविण्यांत आली. हा सर्व विरोध विकतचाच होता, असें म्हणणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. कोळशाच्या खाणींतील मजुरांची पोटाची भीति खरी होती. संघटित प्रचाराला बळ येतें तें अशा खऱ्या भीतीच्या आधारानेंच. डिसेंबरांत क्योटो येथें करार झाला. परंतु मार्च २००१ मध्यें अध्यक्ष धाकटे बुश यांनीं तो झिडकारला.

तोंवर संघाला गळती लागली होती. १९९७ सालीं ब्रिटिश पेट्रोलियम, १९९८ सालीं शेल आणि नंतर फोर्ड व जनरल मोटर्स बाहेर पडल्या. २००२ सालीं आपलें कार्य सिद्धीस गेल्याचें सांगून संघानें स्वतःचें विसर्जन केलें; आणि त्याच्या दृष्टीनें तें खरेंच होतें.

हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हवेची मोजणी १९५८ पासून चालू आहे. संघ जन्मला त्या वर्षीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डायॉक्साइडचे सुमारे ३५३ भाग होते. तो विसर्जित झाला तेव्हां ते सुमारे ३७३ झाले होते. घोंगडें भिजत ठेवणाऱ्याला वाटतें कीं आपण कांहींच केलेलें नाहीं. परंतु हवेंत एकदां मिसळलेल्या त्या वायूचा मोठा अंश शतकानुशतकें तेथेंच राहतो. न्यायालयांतील वाद तहकूब ठेवतां येतो. निसर्ग तहकुबी देत नाहीं, आणि त्या तेरा वर्षांच्या कालहरणाची किंमत, ज्यांचा त्या वादांत आवाजच नव्हता, त्या पिढ्यांना मोजावी लागत आहे.