बुद्धीची परीक्षा की सरावाची?

बारावीचे पेपर संपले की आपल्या जालना जिल्ह्यात घरोघरी एकच बोलणं सुरू होतं, सीईटीचं. अंबड असो, भोकरदन असो की परतूर, लेक म्हणते, "आई, क्लास लावू दे." शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, ही बुद्धीची परीक्षा. अभ्यासानं बुद्धी वाढते होय?" फीसाठी कुणी कानातलं मोडतं, कुणी बचत गटातून कर्ज उचलतं. म्हणून खरं कुणाचं, ते आम्ही आज इतिहासाला विचारलं.

1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धीची चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. बुद्धी जन्मतः ठरते आणि बदलत नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी ही चाचणी बेतून घेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 साली निघालं.

अमेरिकेत मात्र 1926 साली कार्ल ब्रिगहॅम यांनी कॉलेज प्रवेशासाठी 'सॅट' ही परीक्षा आणली. तिच्या नावातच 'ॲप्टिट्यूड', म्हणजे अंगची क्षमता, हा शब्द होता. शिकवणीनं गुण वाढत नाहीत, असं परीक्षा घेणारे कित्येक वर्षं सांगत राहिले. तिकडे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्टॅन्ले कॅप्लन 1940 च्या दशकापासून मुलांची तयारी करून घेत होते. 1979 साली तिथल्या सरकारी चौकशीतही शिकवणीचा थोडाफार फायदा दिसला. पुढे 1990 च्या दशकात 'ॲप्टिट्यूड' हा शब्द नावातून गेला.

मग फायदा किती? 1999 साली पॉवर्स आणि रॉक या अभ्यासकांनी हिशेब मांडला. शिकवणीमुळे भाषेत सरासरी सुमारे 8 आणि गणितात सुमारे 18 गुण वाढले. दोन्ही भाग 800 गुणांपर्यंतचे! म्हणजे वाढ खरी, पण जाहिरातीत दाखवतात तेवढी नाही.

आता आपल्या घरात या. बीबीए, बीसीएच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात 2024 पासून सीईटी आहे. तिच्यात इंग्रजी आणि तर्काचे प्रश्न येतात. इंजिनिअरिंगची सीईटी अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावरच असते. तिथे तर अभ्यासाला पर्याय नाही. त्या सीईटीत चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. 'नीट'मध्ये मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. असे नियम ठाऊक असणं, घड्याळ लावून जुने पेपर सोडवणं, चूक कुठे झाली ते वहीत लिहिणं, यानं गुण वाढतात. हे सारं घरच्या ओट्यावर बसूनही करता येतं.

म्हणजे लेकही खरी आणि काकूही थोड्या खऱ्या. दोन महिन्यांच्या क्लासनं चमत्कार होत नाही. पण पाचवीपासून रोज वाचन आणि गणित करणाऱ्या मुलीला त्याचं फळ मिळतं. क्लास लावायचा तर जरूर लावा, पण "इतके गुण नक्की" असं कुणी म्हणालं तर कानातलं मोडण्याआधी आठ दिवस थांबा. आणि त्या आठ दिवसांत लेकीला घरकामातून रोज दोन तास मोकळे द्या. तिच्या अभ्यासाला आधी तेच हवे आहेत.