‘चेम्मीन’ : समुद्राचा कोप आणि बापाचे देणे

मल्याळम भाषेत कोळंबीला ‘चेम्मीन’ म्हणतात. या नावाची कादंबरी तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी १९५६ साली लिहिली. १९५७ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तिच्यावर रामू करिआट यांनी १९६५ साली काढलेल्या चित्रपटाने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविले. दक्षिण भारतातील चित्रपटाला हा मान प्रथमच मिळत होता. त्या यशात मुंबईचाही वाटा होता. संगीत सलील चौधरी यांचे, संकलन हृषीकेश मुखर्जी यांचे आणि सर्वांत गाजलेल्या गीताला स्वर मन्ना डे यांचा.

कथा केरळच्या किनाऱ्यावरील कोळ्यांची आहे. चेंबनकुंजूला स्वतःची होडी व जाळे हवे आहे. परीकुट्टी या तरुण मुसलमान व्यापाऱ्याकडून तो पैसे घेतो आणि मासळी त्यालाच विकण्याचे कबूल करतो. परीकुट्टीचे आणि चेंबनकुंजूची मुलगी करुत्तम्मा हिचे परस्परांवर प्रेम आहे. होडी येते; बाप मात्र शब्दही पाळत नाही आणि कर्जही फेडीत नाही. परीकुट्टी धुळीस मिळतो. करुत्तम्माचा विवाह पळनी या अनाथ, धाडसी कोळ्याशी होतो. परंतु तिच्या पूर्वायुष्याची कुजबूज सासरच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचते. सोबती पळनीला आपल्या होडीत घेईनासे होतात. तो एकटाच समुद्रात जाऊ लागतो.

या साऱ्यांवर एका समजुतीची छाया आहे. समुद्रात गेलेल्या नवऱ्याचा प्राण किनाऱ्यावरच्या बायकोच्या शुद्धतेवर अवलंबून असतो. ती चुकली तर कडलम्मा, म्हणजे समुद्रमाता, त्याला गिळते. अखेरच्या रात्री करुत्तम्मा व परीकुट्टी भेटतात आणि त्याच रात्री, गळाला लागलेल्या शार्कमागे गेलेला पळनी भोवऱ्यात सापडतो.

हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा आम्हांला समुद्राचा कोप तेवढा दिसला. पुढे पुन्हा पाहताना मात्र दिसले ते न फेडलेले देणे. ते फेडा, असा धोशा करुत्तम्माने बापामागे लावला होता. स्त्रीच्या मनावर पहारा ठेवणारा हा समाज कर्जबुडव्या बापाला मात्र जाब विचारीत नाही.

करिआट यांचा हा विषय जुनाच होता. पी. भास्करन यांच्यासह त्यांनी १९५४ साली ‘नीलक्कुयिल’ दिग्दर्शित केला होता. त्यात सवर्ण शिक्षक दलित तरुणीला माता करून तिला नाकारतो. ती मरते, त्याची प्रतिष्ठा मात्र काही काळ टिकून राहते. तो शिक्षक साकारणारे सत्यन हेच ‘चेम्मीन’मधील पळनी झाले.

होडी परतेपर्यंत रोझरीचे मणी ओढीत बसणाऱ्या माउल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांची प्रार्थना ही प्रीती आहे. वादळाचा जमाखर्च त्यांच्या नावे मांडणे हा अन्याय होय. आपल्या घरांतूनही एखादे संकट आले की पहिले बोट सुनेकडे वळते. वडीलधाऱ्यांनी मोडलेला शब्द कोणी आठवीत नाही.

कादंबरीच्या शेवटी करुत्तम्माची धाकटी बहीण पंचमी, बहिणीचे तान्हे मूल कडेवर घेऊन किनाऱ्यावर रडत उभी आहे. बापाने फेडले नाही, ते देणे कोणाच्या पदरी पडले, हे त्या मुलाकडे पाहिले की कळते.