शांतिसेना पदके
शांतिसेना पदके : आंतरराष्ट्रीय शांतता राखण्याच्या कामगिरीवर पाठविलेल्या सैनिकांना व निरीक्षकांना देण्यात येणारी सेवापदके. शौर्यपदक विशिष्ट पराक्रमासाठी, तर सेवापदक विहित काळ बजावलेल्या कर्तव्यासाठी मिळते. शांतिसेना पदकांमागे जिंकलेला प्रदेश किंवा पराभूत शत्रू नसतो. दोन पक्षांच्या मध्ये उभे राहून शक्य तोवर शस्त्र न चालविणे, हीच त्यांतील सेवा होय.

संयुक्त राष्ट्रांच्या पदकाच्या दर्शनी बाजूस संघटनेचे मानचिन्ह आणि मागील बाजूस ‘शांततेच्या सेवेत’ या अर्थाचे इंग्रजी शब्द असतात. बहुतेक मोहिमांत त्यासाठी किमान ९० दिवसांची सेवा आवश्यक असते. सेनापती व जवान यांना एकच पदक मिळते. फीत मात्र मोहिमेनुसार बदलते. ईजिप्त व गाझा येथील आणीबाणी सेनेच्या (१९५६–६७) पदकाच्या फितीतील वाळूचा रंग सिनाईच्या वाळवंटाचा, तर हिरवी रेघ नाईलच्या खोऱ्याची निदर्शक आहे. या सेनेत भारतीय तुकड्याही होत्या.

भारत सरकारने १९६० मध्ये विदेश सेवा पदक सुरू केले. सेवा झालेल्या देशाच्या नावाची पट्टी त्याच्या फितीवर लावतात. या पदकाचे महत्त्व कोरियाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. भारताचे ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक १९५० पासून तेथे संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याबरोबर होते. याउलट १९५३ मधील युद्धविरामानंतर गेलेली भारतीय रक्षक सेना संयुक्त राष्ट्रांच्या आधिपत्याखाली नव्हती. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक युद्धकैद्यांचा ताबा घेऊन तिने तटस्थ आयोगाच्या वतीने काम केले. राष्ट्रीय पदकाच्या कक्षेत अशी निराळ्या स्वरूपाची कामगिरीही येऊ शकली.

या सेनेचे प्रमुख शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (१९०६–९२) हे होते. आष्टा (सांगली जिल्हा, पूर्वीचा दक्षिण सातारा) परिसराला लागून असलेल्या कोल्हापूर संस्थानातील वडगाव हे त्यांचे गाव. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास छावणीच्या कुंपणात अडकवून ठेवले. तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्या अधिकाऱ्याची सुटका झाली. तथापि हा संयम नेहमीच साधला नाही. ऑक्टोबरच्या आरंभी उसळलेल्या दंगलींत सैन्याने गोळीबार केला व काही कैदी मृत्युमुखी पडले. या कामगिरीबद्दल थोरात यांना अशोकचक्र (द्वितीय वर्ग) हा सन्मान मिळाला. १९६७ पासून तो कीर्तिचक्र या नावाने ओळखला जातो.

शांतिकार्यातही प्राणार्पणाचे प्रसंग येतात. काँगोतील कटांगा प्रांतात ५ डिसेंबर १९६१ रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. अशा मोहिमांत दीडशेहून अधिक भारतीयांनी प्राण वेचले आहेत. काँगो मोहिमेच्या काळातच विमान अपघातात मृत्यू पावलेले महासचिव डाग हामारशल्ड यांच्या नावाचे पदक संयुक्त राष्ट्रांनी १९९७ मध्ये सुरू केले. ते केवळ शांतिकार्यात प्राण गमावलेल्यांसाठी असून त्यांच्या कुटुंबीयांच्या स्वाधीन केले जाते.