अंगणातला ‘डक’ : एका उभयचर लष्करी ट्रकाचा जीर्णोद्धार

१/१५
दुसऱ्या महायुद्धातील एक ट्रक. जमिनीवर सहा चाकांनी धावणारा आणि पाण्यात प्रोपेलरने चालणारा. अमेरिका व युरोपातील काही हौशी मंडळी आजही असे गंजलेले ट्रक मिळवून घरच्या शेडमध्ये त्यांचा जीर्णोद्धार करतात. रंग, इंजिन, चाके यांवर वर्षानुवर्षे खपतात. या गाडीचे प्राण मात्र भलत्याच ठिकाणी आहेत : नजरेआडच्या एका रबरी आवरणात आणि एका पंपात. हे कळायला पुढे बरीच माणसे दगावावी लागली.

२/१५
गाडीचे अधिकृत नाव डीयूकेडब्ल्यू. ही जनरल मोटर्सच्या कारखान्यातील संकेताक्षरे होत. ‘डी’ म्हणजे १९४२ सालचा आराखडा, ‘यू’ म्हणजे युटिलिटी, ‘के’ म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची शक्ती आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे मागे शक्ती मिळणारे दोन ॲक्सल. सैनिकांनी या रुक्ष अक्षरांचे सरळ ‘डक’, म्हणजे बदक, करून टाकले. हेच नाव पुढे रूढ झाले.

३/१५
तिची गरज का भासली? शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवता येते. पण बंदर हाती येईपर्यंत त्या सैन्याला पोसायचे कसे? माल जहाजातून होडीत, होडीतून वाळूवर, वाळूवरून ट्रकात. प्रत्येक चढउतारात वेळ जाई आणि उघड्या किनाऱ्यावर माल शत्रूच्या माऱ्यात पडून राही. जहाजाच्या कुशीत माल भरून थेट आघाडीजवळच्या कोठारापर्यंत जाणारे एकच वाहन हवे होते.

४/१५
आराखडा करणारी माणसेही दोन जगांतली होती. रॉड स्टीव्हन्स हे शर्यतीच्या शिडाच्या नौकांचे नामवंत जाणकार, डेनिस पुलस्टन हे ब्रिटिश दर्यावर्दी आणि फ्रँक स्पीअर हे अभियंते. त्यांनी नवे यंत्र शून्यातून घडवले नाही. लष्करात आधीच रुळलेल्या जीएमसीच्या अडीच टनी ट्रकाची यंत्रणा घेतली आणि तिच्याभोवती पोलादी पत्र्याची नाव बांधली.

५/१५
लष्करातील अनेकांना हा प्रकार पोरखेळ वाटला. डिसेंबर १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाची एक गस्ती नौका वादळात वाळूच्या दांड्यावर रुतली. लाटांमुळे नेहमीच्या होड्या तिथवर पोहोचू शकत नव्हत्या. चाचणीसाठी आणलेला एक डक तिथे गेला आणि त्याने नौकेवरील सातही जणांना सुखरूप परत आणले. त्यानंतर विरोधाची धार बोथट झाली.

६/१५
१९४३ च्या जुलैत सिसिलीत आणि १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीत डकांनी अखंड फेऱ्या मारल्या. युद्ध संपेपर्यंत २१ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. लांबी साडेनऊ मीटरच्या आसपास, रिकाम्या गाडीचे वजन सुमारे साडेसहा टन. वेग रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, पाण्यात ताशी जेमतेम १०. पुढच्या काळातील गाड्यांत चालक बसल्या जागेवरून टायरमधील हवा कमीजास्त करू शके. मऊ वाळूत त्याचा मोठाच उपयोग होई.

७/१५
आता रचनेतली खरी मेख. ट्रकाचा सांगाडा नावेच्या पोटात, पण चाके आणि ॲक्सल नावेच्या बाहेर. इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत न्यायची तर शाफ्टसाठी नावेला भोके पाडणे आले. खड्ड्यांतून जाताना ॲक्सल वरखाली होणार, म्हणजे तिथे घट्ट सील चालत नाही. म्हणून शाफ्टभोवती लवचिक रबरी आवरणे बसवून ती पट्ट्यांनी आवळली. पाणरेषेखालची ही भोके बुजलेली राहतात ती केवळ या रबरामुळे.

८/१५
थोडे पाणी आत येणार हे अभियंत्यांनी गृहीतच धरले होते. म्हणून त्यांनी दमदार पंप दिले. नावेला ५ सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले तरी ते पाणी उपसण्याची पंपांची ताकद होती. मुख्य पंप प्रोपेलरच्या शाफ्टवरून फिरे. याचा दुसरा अर्थ असा की इंजिन बंद पडले की तो उपसाही थांबे. नावेत स्वतंत्र जलरोधक कप्पे नव्हते. पाणी एका टोकाला शिरले की सर्वत्र पसरे.

९/१५
ही चूक नव्हती, तो युद्धकाळातला हिशेब होता. कप्प्यांनी जागा आणि मालवाहू क्षमता घटली असती. किनारा हाकेच्या अंतरावर, गाडीवर शिकलेले सैनिक, दररोज तपासणी आणि वाहनाचे अपेक्षित आयुष्य थोडे. या चार गोष्टी गृहीत धरून तो सौदा केला होता. पन्नास वर्षांनंतर कोणी सहकुटुंब या गाडीतून तळ्यात फिरायला जाईल, हे त्या आराखड्यात कुठेच नव्हते.

१०/१५
युद्ध संपले आणि लष्कराने उरलेल्या गाड्या विक्रीस काढल्या. काही पुराच्या वेळी बचावकार्याला आल्या. १९४६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन डेल्स येथे त्यांतून पर्यटकांच्या फेऱ्या सुरू झाल्या. सैनिकांच्या जागी प्रवासी आले, बाके बसली, डोक्यावर ऊन-पावसासाठी लांबलचक छत आले. उरलेल्या अनेक गाड्या शेतात आणि भंगारात गंजत पडल्या. घरगुती जीर्णोद्धाराला सुरुवात होते ती तिथूनच.

११/१५
या कामात इंजिन त्यामानाने सोपे. ज्या ट्रकावरून डक बेतला, त्या मालिकेच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. त्यामुळे सहा सिलिंडरच्या इंजिनाचे, गियरबॉक्सचे बरेच सुटे भाग आजही सापडतात. अवघड असते ती नाव. पत्रा अवघा दीड ते तीन मिलिमीटर जाडीचा. सांगाड्याच्या सांध्यांत, कोपऱ्यांत वर्षानुवर्षे ओल साचते आणि पत्रा आतून खंगतो. वरून मात्र रंग शाबूत दिसतो.

१२/१५
१ मे १९९९. आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्जजवळचे लेक हॅमिल्टन. पर्यटकांना घेऊन निघालेला एक डक पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांतच बुडाला. आत २१ जण होते. १३ दगावले, त्यांत लहान मुलेही होती. शाफ्टभोवतीचे रबरी आवरण सैल झाले होते आणि पाणी त्या वाटेने शिरले. छतामुळे प्रवासी आतच अडकले. चौकशी मंडळाने मुख्य ठपका अपुऱ्या दुरुस्ती-देखभालीवर ठेवला.

१३/१५
मग पोकळ जागांत फोम भरला तर? ब्रिटनमध्ये तोही उपाय झाला. २०१३ च्या जूनमध्ये लिव्हरपूलच्या गोदीत एक डक बुडाला. त्यातला फोम त्याला तरंगत ठेवण्यास पुरेसा नव्हता. सप्टेंबरमध्ये लंडनच्या थेम्स नदीत दुसऱ्या डकाने पेट घेतला. फिरत्या शाफ्टला फोम घासून आग लागल्याचा निष्कर्ष निघाला. दोन्ही वेळा सर्व जण वाचले. ठासून भरलेल्या फोममागचा पत्रा तपासणेही दुरापास्त होते, हा आणखी एक धडा.

१४/१५
२०१५ मध्ये सिॲटलच्या पुलावर एका डकाचा पुढचा ॲक्सल तुटला आणि गाडी बसवर आदळली. पाच विद्यार्थी ठार झाले. जुलै २०१८ मध्ये मिसुरीतील टेबल रॉक तलावावर वादळात अशीच एक गाडी बुडाली. ३१ पैकी १७ जण गेले. राखीव तरंगक्षमता आणि छत यांविषयीच्या शिफारशी १९९९ च्या दुर्घटनेनंतरच झाल्या होत्या. त्यांतील बऱ्याच गोष्टी कायद्यात उतरायला २०२२ ची अखेर उजाडली.

१५/१५
म्हणून जाणकार जीर्णोद्धारकाच्या कामाचा क्रम उलटा असतो. आधी तळाचा गंज खरवडून पत्रा ठोकून पाहायचा. मग नवी रबरी आवरणे, नवे पट्टे, तळाची बुचे आणि चालू स्थितीतले पंप. शिवाय इंजिनावर विसंबून नसलेला एक विजेचा पंप. त्यानंतर गाडी जमिनीवरच उभी ठेवून नळीने नावेत पाणी सोडायचे आणि बाहेर कुठे थेंब गळतो ते खडूने खुणावायचे. शेवटची खूण पुसली गेल्यावरच हिरव्या रंगाचा डबा उघडायचा. (समाप्त)